पाच काडतुसांची नळी

जुनी शिकारी बंदूक हातात घेतली की ती रिकामी आहे ना, हे आधी पाहायचं. त्यानंतर जाणकार माणूस ती उलटी करतो आणि चापाच्या पुढचा, पोटाकडचा भाग निरखतो. बंदुकीचा तोल इथे असतो. दिवसभर रान तुडवणारा शिकारी ती याच जागी एका हातात पेलून चालतो. तळहाताच्या घामाने इथली निळसर-काळी झिलई सगळ्यांत आधी उडते आणि खालचं पोलाद रुपेरी करडं दिसू लागतं. ती झीज एकसारखी, गुळगुळीत आणि कडांकडे विरत गेलेली असली, तर बंदूक वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाकडे होती असं समजावं. झीज नाही पण बारीक खड्ड्यांचा गंज आहे, तर ती दमट कोठीच्या कोपऱ्यात विसरली गेली होती. स्क्रूच्या खाचा फाकलेल्या दिसल्या, तर शेतावरच्या जाड्याभरड्या पेचकसाने कुणीतरी ती घरीच उघडली होती. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड पोलादाला जिथे भिडतं तिथे काळं आणि मऊ पडलं असेल, तर मालक हौशी होता, भरपूर तेल घालायचा आणि बंदूक नळी वर करून उभी ठेवायचा. तेल झिरपत झिरपत लाकडात उतरलं.

या प्रकरणात ज्या बंदुकीबद्दल सांगायचं आहे, तिच्यावर या सगळ्या खुणा सापडतात, कारण ती भिंतीवर टांगण्यासाठी घेतलीच जात नसे. विंचेस्टर कंपनीचं १८९७ सालचं हे मॉडेल. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ते १९५७ पर्यंत तयार होत राहिलं आणि साठ वर्षांत त्याचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. शेतकऱ्याच्या घरात दाराआड, मालमोटारीच्या सीटमागे, बदकं मारणाऱ्याच्या होडीत अशी ही बंदूक राहिली. आजही अमेरिकेत आजोबांची बंदूक म्हणून ती नातवाच्या हातात येते आणि बऱ्याचदा चालतेसुद्धा.

हिचं वैशिष्ट्य पुढच्या हातात आहे. नळीच्या खाली, तिला समांतर, आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात पाच काडतुसं एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली बसलेली असतात. या खालच्या नळीवर लाकडाची एक मूठ मागेपुढे सरकते. तिच्यावर गोल खाचा कोरलेल्या असतात, म्हणून अमेरिकन शिकारी तिला मक्याचं कणीस म्हणतात. बार उडाला की डाव्या हाताने ही मूठ मागे ओढायची. एक पोलादी पट्टी बोल्टला मागे ढकलते, रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर फेकलं जातं, मागचा घोडा चढतो आणि खालच्या नळीतून पुढचं काडतूस मागे सरकून एका उचलपट्टीवर येऊन बसतं. मूठ पुढे ढकलली की ती पट्टी काडतूस वर उचलते, बोल्ट ते नळीत सारतो आणि सगळं घट्ट बंद होतं. सरावलेला माणूस हे सगळं बंदूक खांद्यावरून न हलवता करतो, आणि नजर उडत्या पाखरावरून ढळत नाही.

हे वाचायला सोपं वाटतं, पण या यंत्राचा स्वभाव कळायला ते जवळून पाहावं लागतं. मूठ मागे आली की बोल्ट पेटीच्या मागच्या बाजूने चक्क बाहेर येतो, दस्ता धरलेल्या हाताच्या वर. अंगठा जरा उंच ठेवला तर कातडी सोलून निघते. जुन्या शिकाऱ्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असे व्रण असत आणि तो धडा एकदाच शिकावा लागे. दुसरी गोष्ट कुलपाची. बार झाल्यावर मूठ लगेच मागे येत नाही, आधी ती किंचित पुढे जावी लागते. प्रत्यक्षात बंदुकीचा धक्काच हे काम करतो: सगळी बंदूक मागे येते, मूठ क्षणभर जागीच राहते आणि कुलूप सुटतं. म्हणजे काडतूस खरोखर उडालं तरच दार सहज उघडतं. काडतुसाची दारू कधीकधी क्षणभर उशिरा पेटते. तेवढ्यात दार उघडलं तर स्फोट तोंडासमोर होईल, हे ओळखून केलेली ही योजना आहे. धक्क्यालाच कामाला लावायची ही रीत मला या बंदुकीतली सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते.

अशा बंदुकीच्या नळीचं माप बोअरमध्ये सांगतात. बारा बोअर म्हणजे काय, तेही सांगून टाकू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. हा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. सोळा बोअरची नळी त्याहून अरुंद, कारण पौंडाच्या सोळा गोळ्या करायच्या. आपल्याकडे हे माप अपरिचित नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसं तयार होत आली आहेत आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक म्हणजे ठासणीची किंवा बारा बोअरची. पण आपल्या जुन्या शिकारकथांत आणि संस्थानिकांच्या छायाचित्रांत दिसते ती विलायती दुनळी. दोन नळ्या, दोन बार, मग मोडून पुन्हा भरायची. आपली शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या त्यातल्या दुरुस्तीने बंद झाली. अशी मूठ मागेपुढे ओढायची, म्हणजेच पंपाची बंदूक आपल्या शिकारीच्या आठवणींत फारशी शिरलीच नाही. ती अमेरिकेच्या मध्यभागातल्या पाणथळींची आणि मक्याच्या शेतांची बंदूक आहे.

नळीच्या तोंडाशी एक बारकी करामत असते, तिला चोक म्हणतात. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये नळी किंचित आवळलेली असते. पूर्ण चोकमध्ये हे आवळणं एक मिलिमीटरच्या आसपास असतं, त्याहून जास्त नाही. पण तेवढ्याने छर्ऱ्यांचा झोत बदलतो. ४० यार्डांवर ३० इंचांचं वर्तुळ आखलं, तर न आवळलेल्या नळीतून सुमारे ४० टक्के छर्रे त्यात पडतात, पूर्ण चोकमधून ७० टक्के. जुन्या ९७ मॉडेलवर बहुधा ३० इंची नळी आणि पूर्ण चोक असे, कारण बदकं उंचावरून जातात. पुढे झाडीतल्या जवळच्या पाखरांसाठी कित्येकांनी ती नळी करवतीने सरळ कापून घेतली. असा कापलेला नमुना संग्राहकाला नकोसा वाटतो. मला तो जास्त बोलका वाटतो. मालकाने रान बदललं, शिकार बदलली, आणि नवी बंदूक घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते, हे त्या एका कापावरून वाचता येतं.

हिचा कर्ता जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, युटामधल्या ऑग्डेन गावी, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाच्या घरात. १८८३ साली विंचेस्टरचे कारभारी टी. जी. बेनेट रेल्वेने थेट ऑग्डेनला गेले आणि त्याच्या एकबारी रायफलचे हक्क ८,००० डॉलर देऊन घेतले. तिथून पुढे जवळजवळ वीस वर्षं ब्राउनिंग रचना करत राहिला आणि विंचेस्टर त्या विकत घेत राहिली. छर्ऱ्यांची अनेकबारी बंदूक हवी, अशी मागणी आली तेव्हा त्याचा कल पंपाकडे होता, पण कंपनीचं नाव खालच्या दांड्याच्या रायफलींवर झालेलं. म्हणून १८८७ ची बंदूक दांड्याचीच झाली. पंपाची पाळी १८९३ मध्ये आली.

तोवर दारू बदलायला लागली होती. काळ्या दारूने बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि दुसऱ्या बाराला पाखरू दिसतच नसे. बिनधुराच्या दारूने समोरची हवा स्वच्छ राहिली, म्हणून झटपट दुसरा-तिसरा बार टाकण्याला अर्थ आला. पण तिचा दाब १८९३ च्या रचनेला झेपेना. कंपनीने त्या बंदुका परत मागवल्या आणि बदल्यात नवी देऊ केली. दणकट केलेली, वरून बंद पेटी असलेली ही नवी बंदूक म्हणजेच ९७ चं मॉडेल. त्यामुळे १८९३ ची बंदूक आज दुर्मीळ आहे, आणि सापडली तरी तिच्यात आजचं काडतूस घालू नये.

पंपाची कल्पना एकट्या ब्राउनिंगची नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या रायफलीसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रिस्टोफर स्पेन्सरने १८८० च्या दशकातच अशी बंदूक बाजारात आणली होती. त्याचा धंदा विकत घेणाऱ्या फ्रान्सिस बॅनरमनने विंचेस्टरवर दावा लावला. विंचेस्टरने युरोपातली त्याहून जुनी पेटंटं शोधून काढली आणि खटला जिंकला.

पैसेवाल्या शिकाऱ्याकडे हाताने घडवलेली दुनळी असे. ९७ चं मॉडेल तिच्या मानाने स्वस्त होतं, यंत्रावर तयार होत होतं आणि त्याचे भाग मिळत होते. आयोवा, इलिनॉय, डकोटा इथल्या शेतकऱ्याने ती घेतली ती कोंबड्यांवर येणारा कोल्हा मारायला, ससा घरी आणायला आणि शरदात फेझंटच्या मागे जायला. हा फेझंट पक्षी मूळचा चीनमधला. १८८० च्या दशकात तो ऑरेगॉनमध्ये सोडला गेला आणि तिथे रुजला, नंतर इतर राज्यांनीही आणला. साउथ डकोटाने त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम १९१९ मध्ये उघडला. फेझंट पायाशी येईपर्यंत दडून राहतो आणि मग फडफडाट करत उठतो. पहिला बार घाईत चुकतो, दुसरा लागतो. अशा पाखराला पंपाची बंदूक मानवली.

इथवर सगळं कौतुकाचं. पण हीच बंदूक पोटासाठी पाखरं मारणाऱ्यांच्याही हातात गेली, आणि तो भाग वगळून तिची गोष्ट सांगणं प्रामाणिक होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वेचं जाळं पसरलं, बर्फाचे डबे आले, आणि चेसापीकच्या उपसागरात किंवा इलिनॉय नदीवर मारलेलं बदक शहरातल्या हॉटेलात ताज्या मांसासारखं पोचायला लागलं. बदकाला डझनाचा भाव होता. पाण्यावर बसलेल्या थव्यावर तोफेएवढी बंदूक होडीतून डागणारे लोक आधीपासून होतेच. आता उडालेल्या थव्यावरही एका दमात सहा बार टाकता येऊ लागले, नळीतले पाच आणि आधीच भरलेला एक. प्रवासी कबुतरांचे थवे एकेकाळी सूर्य झाकून टाकत. त्यांचा संहार या बंदुकीच्या आधीच झाला होता. त्या जातीतलं शेवटचं पाखरू, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. बदकांचंही तसंच होणार, ही भीती खरी होती.

ती भीती सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलून दाखवली विल्यम हॉर्नडे यांनी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे ते संचालक. तरुणपणी ते नमुने गोळा करण्यासाठी हिंदुस्थानातही येऊन गेले होते आणि वाघ, हत्ती मारून गेले होते. त्या प्रवासाचं त्यांचं पुस्तक १८८५ चं. पुढे हाच माणूस १९१३ मध्ये ‘अवर व्हॅनिशिंग वाइल्ड लाइफ’ लिहून उभा राहिला आणि पंपाच्या व स्वयंचलित बंदुका शिकारीतून हद्दपार करा, म्हणून राज्याराज्यांत झगडला. बंदूक कंपन्यांना आणि कित्येक शिकाऱ्यांना ते नकोसे झाले. मला त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. पाखरं संपवली ती बाजारपेठेने. बंदुकीने तिचा वेग वाढवला. कायद्यानेही आधी बाजारालाच हात घातला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा ठरवलं. १९१६ मध्ये कॅनडासाठी ब्रिटनशी करार झाला आणि त्याच्या आधारे १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. त्या पक्ष्यांची विक्रीच बंद झाली. धंदेवाईक शिकारी कायद्याच्या बाहेर पडला.

त्याच १९१८ साली ९७ चं मॉडेल फ्रान्समधल्या खंदकांत लढत होतं. वीस इंची नळी, तिच्यावर हात भाजू नये म्हणून भोकांची पत्र्याची जाळी, पुढे संगीन. प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा दाबायला लावणारी कळ तिच्यात नव्हती, ती नंतरच्या बंदुकांत आली. त्यामुळे चाप दाबून धरलेला असला तरी मूठ पुढे जाताच बार उडायचा. अरुंद खंदकात त्याचा परिणाम भयंकर होता. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने हेग कराराचा दाखला देऊन निषेध नोंदवला आणि अशा बंदुकीसह पकडलेल्या सैनिकांना देहदंडाची धमकी दिली. अमेरिकेने तो निषेध फेटाळला. चिखलात कागदी काडतुसं फुगून नळीत अडकत, म्हणून पितळी काडतुसं पुरवावी लागली. कागद फुगण्याचा हा त्रास पाणथळीतल्या शिकाऱ्यांना जुनाच होता. तो १९६० च्या सुमारास प्लास्टिकची काडतुसं आल्यावर मिटला.

बदकांवरचं खरं संकट १९३० च्या दशकात आलं. पाऊस पडेना, अमेरिकेच्या मध्यभागातली शेतं धुळीत उडून गेली आणि ज्या उथळ तळ्यांत बदकं अंडी घालतात ती आटली. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जैविक पाहणी खात्याच्या प्रमुखपदी एका व्यंगचित्रकाराला नेमलं. त्याचं नाव जे. एन. डार्लिंग, चित्राखालची सही ‘डिंग’. १९२४ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेला हा आयोवाचा माणूस स्वतः बदकांचा शिकारी होता. खुर्चीत तो दीड-दोन वर्षंच टिकला, पण तेवढ्यात त्याने शिकारीचे नियम आवळले. १९३५ पासून जिवंत बदकं बांधून थवे खाली उतरवणं बंद, दाणे टाकून भुलवणं बंद, आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं.

हा तिसरा नियम पाळायचा कसा? देशभर लाखो बंदुका पाच-पाच काडतुसांच्या नळ्या घेऊन घराघरात होत्या. त्या बदलायला सांगणं शक्य नव्हतं. उपाय निघाला तो लाकडाच्या दांडीचा. नळीच्या आत, स्प्रिंगच्या पोकळीत एक लाकडी दांडी बसवायची, म्हणजे दोनच काडतुसांची जागा उरते. तिसरं वरच्या नळीत. अट एकच: दांडी एकसंध हवी आणि बंदूक उघडल्याशिवाय ती निघता कामा नये. सुतारकाम जमणाऱ्याने ती घरीच तासली. कुणी झाडूचा दांडा कापला, कुणी सुताराकडचा तुकडा वापरला. तळ्याकाठी रक्षक भेटला की तो शिकाऱ्याला काडतुसं भरायला लावतो आणि मोजतो. तिसरं बसल्यावर चौथं बसलं, तर दंड.

जुनी ९७ विकत घेणारे लोक आज नळीचं टोपण उघडतात आणि आतून कधीकधी अशी घरगुती दांडी निघते, तेलाने काळी पडलेली, टोकाला चाकूच्या खुणा असलेली. मला या सगळ्या बंदुकीत तिचं मोल सगळ्यांत जास्त वाटतं. ब्राउनिंगने एवढी बुद्धी खर्चून सहा बारांची सोय केली होती. पुढे शिकाऱ्यांच्याच एका पिढीने त्यातले तीन बार स्वतःच्या हाताने काढून टाकले, बदकं टिकावीत म्हणून. सगळ्यांनी ते खुशीने केलं असं नाही. दंडाची भीती होतीच. तरी शिकारी मंडळींमध्ये पुढे तीन काडतुसं हाच शिष्टाचार झाला.

पुढे आणखी एक नियम आला तो शिशाचा, आणि तो जुन्या बंदुकीला जास्त बोचला. तळ्याच्या गाळात पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळतात. पोटात ते झिजतात आणि पाखरू विषाने मरतं. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादी छर्रे आले, पण पोलाद शिशासारखं दबत नाही. जुन्या, पूर्ण चोकच्या नळीतून ते गेलं तर चोकजवळ नळी फुगते किंवा चरे पडतात. कित्येक चांगल्या ९७ त्या दिवसापासून तळ्यावर जायच्या थांबल्या. ज्यांना जमतं ते बिस्मथचे महाग छर्रे वापरतात. सोळा बोअरच्या जुन्या बंदुकांत आणखी एक धोका असतो: त्यातल्या सुरुवातीच्या कित्येकांची काडतुसाची खोली आजच्या काडतुसापेक्षा आखूड असते. काडतूस आत बसतं, पण फुटल्यावर उलगडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. म्हणून जुनी बंदूक आधी माहीतगार कारागिराला दाखवायची, मगच बार काढायचा.

विंचेस्टरनेच १९१२ मध्ये टी. सी. जॉन्सन यांच्या रचनेची, घोडा आत लपवलेली सफाईदार मॉडेल १२ काढली आणि ती सुमारे वीस लाख विकली. पण तिचा प्रत्येक भाग घन पोलादातून कातून, हाताने जुळवून बसवावा लागे. मजुरी वाढत गेली तसा हिशेब जुळेना, आणि १९६० च्या दशकात तिचं नेहमीचं उत्पादन थांबलं. तोवर १९५० ची रेमिंग्टन ८७० बाजारात रुळली होती, साच्यावर ठोकलेल्या भागांची आणि झटपट जुळणारी. तिचा आकडा पुढे एक कोटीवर गेला. ८७० अधिक भरवशाची आणि सुरक्षित आहे, यात शंका नाही. तरीही ९७ ची मूठ मागे ओढताना पोलादावर पोलाद सरकल्याचा जो घसघशीत आवाज येतो आणि घोडा चढताना डोळ्यांना दिसतो, तो अनुभव तिच्यात नाही.

पाखरं राखायला नियमांबरोबर पैसाही लागतो. बंदुकीच्या आणि काडतुसांच्या विक्रीवर अमेरिकेत केंद्र सरकार कर घेतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामासाठी राखून ठेवला आहे. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर आज तो ११ टक्के आहे. रानटर्की आणि पांढऱ्या शेपटीची हरणं पुन्हा वाढली त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. बदकांसाठी वेगळी सोय आहे ती १९३४ च्या बदक-स्टॅम्पची. त्याचं पहिलं चित्र डार्लिंगनेच काढलं होतं, किंमत एक डॉलर. आता पंचवीस. त्यातले ९८ टक्के पाणथळ जमिनी घेण्यात आणि राखण्यात जातात. सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याकडे तो असावाच लागतो, मग त्याच्या हातात नवी कोरी बंदूक असो की आजोबांची ९७. कागदी स्टॅम्प असेल तर त्याच्यावर शाईने सही करावी लागते.